गणपतीला गावी जाताना फ्लॅट कसा बंद करायचा? पंधरा दिवस आधीपासूनची तयारी

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत डोंबिवली, लालबाग, ठाणे इथल्या इमारतींत एकेका मजल्यावरची निम्मी दारं बंद होतात. चाकरमानी कोकणात गेलेला असतो. दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्या-पिंपरीकडे हेच चित्र. घरफोड्या करणाऱ्यांना हे पंचांग आपल्याइतकंच पाठ असतं.

पेपरातली घरफोडीची बातमी बहुतेक एकाच वाक्याने सुरू होते: 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी रोख रक्कम व दागिने लंपास केले.' घर बंद आहे हे कळलं, कोयंडा उचकटता आला आणि आत नेण्याजोगं काही होतं, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून बातमी झाली. पुढची सगळी खटपट या तिन्हींसाठी. क्रम मात्र उलटा ठेवलाय. आतला ऐवज हलवायला सर्वांत जास्त दिवस लागतात, म्हणून तो आधी.

हे सगळं मुख्यतः सोसायटीतल्या फ्लॅटसाठी आहे. बैठं घर किंवा बंगला असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं म्हटलंय.

आधी हे हाताशी ठेवा

- दागिन्यांची बिलं आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो
- टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा यांची बिलं व सीरियल नंबर
- बँक लॉकरची किल्ली आणि करारनाम्याची प्रत
- घरविमा असेल तर पॉलिसी
- घराच्या किल्ल्यांचे सगळे जोड, एकूण किती ते मोजून
- स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल (नसेल तर सुतार), दोन ते अडीच इंची स्क्रू, आरपार जाणारे बोल्ट, कानस
- स्लायडिंग खिडक्यांसाठी लाकडी पट्ट्या
- एक-दोन स्मार्ट प्लग

बिलांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. कागद ज्या कपाटात आहेत तेच कपाट फोडलं गेलं तर बिलंही विखरून जातात.

१. पंधरा दिवस आधी: दागिने घराबाहेर काढा

तांदळाचा डबा, देवघराचा खण, साड्यांची घडी, माळ्यावरची बॅग, गादीखालची जागा. चोर तपासतो त्या जागांची यादी ही अशी आहे, आणि आपण लपवतो त्या जागांची यादीही हीच. लोखंडी कपाटाच्या आतला लॉकर म्हणजे तिजोरी नव्हे. पातळ पत्र्याचं दार आणि छोटं कुलूप, कटावणी घातली की ते वाकतं. त्यात भर म्हणजे कपाटाची किल्ली बहुतेक घरांत कपाटाच्याच डोक्यावर असते.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये न्या. इथे लोक दिवसांच्या हिशोबात चुकतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, रविवार बंद, गणेश चतुर्थीला महाराष्ट्रात सुट्टी. शिवाय लॉकर उघडण्याची वेळ शाखेच्या वेळेपेक्षा कमी असू शकते आणि सणाआधी तिथे रांग लागते. लॉकर ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच जावं लागतं. सासूबाई सांगलीला असतील तर निघायच्या आदल्या दिवशी काही होत नाही.

बँकेची जबाबदारी किती, तेही माहीत असू द्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे लॉकरमधलं काही गेलं, तर बँक वार्षिक भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत जबाबदार असते. भाडं ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख. आत वीस लाखांचं सोनं असलं तरी आकडा तोच. तरीही घरच्या कपाटापेक्षा लॉकर कितीतरी बरा. लॉकर उघडला की त्याच दिवशी तुमच्या नोंदवलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर संदेश यायला हवा, असाही नियम आहे. मोबाईल नंबर बदलला असेल तर याच फेरीत बँकेत नोंदवून घ्या.

गौरीला दागिने लागणारच. जे घालायचेत तेवढेच बाहेर ठेवा आणि बाकीचे 'असू देत हाताशी' म्हणून मागे ठेवू नका. घरफोडीत जातात ते बहुतेक हे असू देत हाताशी म्हटलेलेच.

प्रत्येक दागिन्याचा फोटो पट्टीशेजारी ठेवून काढा. अलीकडे घेतलेल्या हॉलमार्क दागिन्यावर अंक-अक्षरांचा सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांची विक्री या क्रमांकाशिवाय करता येत नाही. भिंगातून वाचून तो वहीत लिहून ठेवा. चोरीचा माल सापडला तर 'हे मंगळसूत्र माझंच' हे पटवायला फोटोपेक्षा हा क्रमांक जास्त कामाला येतो.

रोख रक्कमही घरात ठेवू नका. पासपोर्ट, खरेदीखत, शेअरचे जुने कागद लॉकरमध्ये जागा असेल तर तिथेच जाऊ द्या.

आणि एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना आधी पटत नाही: ऐवज बाहेर काढल्यावर कपाटं कुलूपबंद करू नका. बंद कपाट म्हणजे आत काहीतरी आहे असा निरोप. चोर ते फोडतो, आत साड्या सापडतात आणि आपल्याला नवं कपाट घ्यावं लागतं.

विम्याचं काय? १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित घरविमा पॉलिसी देतात. नावामुळे फसू नका. आग, पूर, भूकंप अशा आपत्ती तिच्यात आहेत. चोरी मात्र तेवढीच, जी अशा आपत्तीमुळे आणि ती आल्यापासून सात दिवसांत झाली असेल. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि दागिने त्यात किमतीसह वेगळे नोंदवावे लागतात. ते घेताना दोन कलमं शोधून वाचा. घर सलग किती दिवस रिकामं राहिलं तर विमा थांबतो? आणि बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा असणं आवश्यक आहे का? दुसरं कलम असेल आणि चोराने तुमच्याच किल्लीने दार उघडलं असेल, तर दावा अडकतो. पायरी ५ वाचताना हे लक्षात ठेवा.

२. आठ दिवस आधी: दाराकडे चोराच्या बाजूने पाहा

बाहेर पॅसेजमध्ये उभे राहा, दार ओढून घ्या आणि बारकाईने बघा.

बाहेरून कुलूप लावत असाल तर. जुन्या इमारतींत अजून अल्ड्रॉपला, म्हणजे आडव्या सरकत्या कडीला, बाहेरून कुलूप लागतं. कुलूप आठशे रुपयांचं, सात-आठ लिव्हरचं. पण कुलूप ज्यात अडकतं तो कोयंडा पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर लाकडात बसवलेला. कोयंड्यामागे कटावणी घालून जोर दिला की स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर येतात आणि आठशेचं कुलूप कोयंड्यासकट तसंच लटकत राहतं, शाबूत. म्हणजे पैसे कुलपावर नाही, कोयंड्यावर घालायचे.

- दारावरच्या पट्टीचे स्क्रू काढून तिथे दाराच्या आरपार जाणारे बोल्ट घाला. गोल डोकं बाहेर, नट-वॉशर आत. फ्लश दार साधारण ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचं असतं, त्यामुळे ५० मिलिमीटरचा बोल्ट पुरतो. नट आवळल्यावर उरलेलं टोक हातोडीने ठोकून पसरवा.
- चौकटीच्या बाजूचे स्क्रू दोन ते अडीच इंची करा. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, नाहीतर सागवान उभं चिरतं.
- चौकट आधीच चिरलेली असेल तर लांब स्क्रूही काही धरून ठेवत नाही. सुताराला दाखवा.

तरीही बाहेरचं कुलूप 'आत कुणी नाही' हे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतंच. शक्य असेल तर दाराच्या आत बसणारं लॉक बसवून घ्या, ज्याला बाहेर फक्त किल्लीचं भोक दिसतं.

नाइट लॅच असेल तर. दार नुसतं ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ खाचेत बसते. ती स्प्रिंगवर असते. दार आणि चौकट यांतल्या फटीतून प्लास्टिकचं कार्ड किंवा पत्र्याची पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. बाहेरून किल्ली फिरवून पक्कं लॉक केलं की मग ती मागे जात नाही. तुमच्या लॉकला किती फेरे लागतात ते मोजून ठेवा आणि निघताना तेवढे फेरे पुरे करा. रोजच्या सवयीने दार ओढून लिफ्टकडे धावणं, ही इथली नेहमीची चूक.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. दार फुगतं, खाली बसतं आणि लॉकचा दांडा चौकटीतल्या खाचेसमोर नीट येत नाही. किल्ली अर्धी फिरते आणि अडते. घाईत माणूस 'लागलं असेल' म्हणून निघतो. दांडा पाव इंचच आत गेलेला असतो. आठ दिवस आधी तपासा. दांड्याच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावून लॉक फिरवा. चौकटीतल्या खाचेच्या पट्टीवर डाग कुठे पडतो ते दिसेल. तेवढ्या बाजूने कानशीने खाच वाढवली की काम झालं. दार रंधायची घाई करू नका, हिवाळ्यात तेच दार खुळखुळायला लागतं.

किल्ली जड फिरत असेल तर लॉकमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतू नका. तेलावर धूळ बसून आतल्या पिना चिकटतात. पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड किल्लीला लावून पाच-सहा वेळा फिरवा.

सेफ्टी डोअर. बाहेरच्या जाळीच्या दाराला लॉक असतं, पण आतल्या कडीपर्यंत जाळीतून हात जातो का, ते बघा. जात असेल तर कडीभोवतीच्या भागाला आतून पत्रा किंवा ॲक्रिलिकची शीट लावा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना वरून ठोकून काढता येतात. वेल्डरकडून पिनेच्या टोकाला एक टाका मारून घेतला की प्रश्न मिटतो.

शेजाऱ्यांची बाहेरची कडी. चोर आधी आजूबाजूच्या दारांना बाहेरून कड्या लावतात आणि मग निवांत काम करतात. आवाज ऐकून शेजारी उठला तरी त्याला दार उघडता येत नाही. पोलिसांच्या नोंदीत ही पद्धत जुनीच आहे. लॉक असलेल्या दाराला बाहेरची कडी मुळात लागतच नाही. मजल्यावरच्या चौघांनी ठरवून त्या काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

स्मार्ट लॉक असेल तर नवे अल्कलाइन सेल घाला आणि सोबतची साधी किल्ली खिशात ठेवा. ती किल्ली घरातल्याच खणात ठेवून गावी गेलेली माणसं परत आल्यावर जिन्यात बसून राहतात. आणीबाणीत बाहेरून वीज द्यायची सोय कोणत्या सेलने किंवा केबलने होते, तेही आधी करून पाहा.

३. खिडक्या, डक्ट, बाल्कनी

दार भक्कम झालं की उरते मागची बाजू. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आणि सर्वांत वरच्या मजल्यावर इकडे जास्त लक्ष द्या. खालच्या मजल्यांवर चोराला पाइपवरून चढता येतं, वरच्या मजल्यावर गच्चीवरून उतरता येतं.

ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी लॉक असली तरी जुनी झाल्यावर तिचं पल्लं उचलून रुळातून काढता येतं. आतल्या रुळात खिडकीच्या मापाची लाकडी पट्टी टाका म्हणजे ती सरकत नाही. वरच्या रुळात दोन स्क्रू असे पिळा की पल्लं वर उचलायला जागा उरणार नाही. संडास-बाथरूमच्या लुव्हर्सच्या काचा बाहेरून एकेक सरकवून काढता येतात. त्या खिडकीला आतून ग्रिल हवंच. ग्रिलचे स्क्रू बाहेरच्या बाजूला असतील तर ग्रिल फक्त दिसायलाच. स्क्रूची डोकी घासून गुळगुळीत करा किंवा वेल्डिंग करून घ्या.

ग्रिलला आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली उघडती खिडकी असेल तर तिला कुलूप लावा आणि किल्ली खिडकीतून हात पोचणार नाही अशा जागी, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्याला अडकवा. काढलेल्या विंडो एसीची प्लायवूड लावलेली चौकट आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक, हेही बघून घ्या. बैठ्या घरात मागच्या दाराची आतली आडवी दांडी, आणि अंगणात पडलेली शिडी किंवा पहार. चोराला हत्यार आपल्याच अंगणात सापडावं, याला काय म्हणायचं!

४. कॅमेरा आणि दिवे

कॅमेरा चोर थांबवत नाही. तो तुम्हाला वेळेवर कळवतो. म्हणून त्यात रेकॉर्डिंगपेक्षा मोबाईलवर येणारी सूचना महत्त्वाची.

एक कॅमेरा घेणार असाल तर तो आतल्या बाजूने मुख्य दाराकडे तोंड करून, सात-आठ फूट उंचीवर लावा. आत येणाऱ्याचा चेहरा समोरून मिळतो. पॅसेजमध्ये लावायचा असेल तर सोसायटीला विचारा आणि तो शेजाऱ्याच्या दारात रोखलेला नाही ना, ते पाहा.

- स्वस्त वायफाय कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरवर तो बँड चालू ठेवा.
- एक मेगाबिट प्रति सेकंद या दराने सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे ११ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. दहा दिवस जाणार असाल तर फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवा.
- कार्ड कॅमेऱ्यातच असतं. चोराने कॅमेरा उचलला की पुरावाही त्याच्या पिशवीत. तेवढ्या महिन्यापुरतं क्लाउड घ्या.
- कंपनीने दिलेला पासवर्ड बदला.
- राउटरला छोटा यूपीएस जोडा. त्याचा उपयोग कॅमेऱ्यालाही वीज मिळत असेल तरच, हे विसरू नका.

फॅनवर, पडद्यावर किंवा पालीवर सूचना यायला लागल्या की माणूस दुसऱ्या दिवशी सूचना बंद करतो. आठ दिवस आधी कॅमेरा लावायचा तो यासाठीच. हालचाल टिपायचा भाग ॲपमध्ये फक्त दारापुरता आखून घ्या.

दिव्यांचं म्हणाल तर अख्खी रात्र आणि दिवसभर जळणारा बाल्कनीतला दिवा हा 'आम्ही नाही' असा फलकच. त्यापेक्षा हॉलमधला टेबल लॅम्प स्मार्ट प्लगवर ठेवा. एके दिवशी ७ वाजून १० मिनिटं ते १० वाजून ४० मिनिटं, दुसऱ्या दिवशी थोडं मागेपुढे. वीज जाऊन आल्यावर काही प्लग बंद अवस्थेतच राहतात. ॲपमध्ये 'वीज आल्यावर आधीची स्थिती' असा पर्याय असतो तो निवडा, आणि एकदा बटण बंद-चालू करून खात्री करा.

५. किल्ली कुणाकडे?

पायपुसणं, चपलांचं कपाट, मीटरबॉक्स, तुळशीची कुंडी: यातलं काहीही नाही.

एक जोड तुमच्याजवळ, एक जोड अशा माणसाकडे जो तासाभरात घरी पोचू शकतो. किल्लीच्या छल्ल्यावर फ्लॅट नंबर, नाव किंवा सोसायटीचा टॅग नको. हरवली तर ती नुसती किल्ली राहावी.

सगळे जोड मोजा. आधीच्या भाडेकरूकडे, रंगकाम करणाऱ्याकडे, जुन्या वाहनचालकाकडे एखादा राहिला असेल आणि तो परत मिळत नसेल, तर अख्खं लॉक बदलायची गरज नाही. पिन-सिलिंडरच्या लॉकमध्ये नुसतं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो आतला भाग, बदलता येतं. नवी करून आणलेली किल्ली दोन-चारदा वापरून बघा. बाजारात घासलेल्या किल्ल्या दुकानात बरोबर वाटतात आणि दाराशी अडतात.

कामाला येणाऱ्या ताईंना सुट्टी किती दिवस, हे सरळ सांगा आणि पगार कापू नका. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घेतला जातो, म्हणून किल्ली त्यांच्यावर लादू नये. ते त्यांच्याच हिताचं आहे.

६. बंद घराच्या खुणा पुसा

- पेपर आणि दूध बंद करा, पण कारण सांगायला नको. 'पुढचा निरोप येईपर्यंत टाकू नका' एवढं पुरे. तरीही एखादा पेपर पडतोच, तो शेजाऱ्यांना उचलायला सांगा.
- ऑनलाइन मागवलेलं काही वाटेत आहे का ते बघा. दाराशी तीन दिवस पडलेलं खोकं लांबून ओळखू येतं.
- दाराबाहेर वापरातल्या चपलांचा एखादा जोड राहू द्या.
- केबल, फर्निचर, क्लासेसची पत्रकं दाराच्या कडीत खोचली जातात. काही वेळा ती मुद्दामच लावलेली असतात. दोन दिवसांनी पत्रक तसंच असेल तर घर रिकामं. शेजाऱ्यांना रोज काढून टाकायला सांगा.
- बंगल्यात अंगणात वाळत घातलेले कपडे सोडून जाऊ नका. पाऊस येऊनही ते तारेवरच असले की सगळं समजतं.

आणि मोबाईल. स्टेशनवरचा सेल्फी, 'कोकणात चाललो' चं स्टेटस, टोलनाक्यावरचा फोटो. स्टेटस कुणाकुणाला दिसतं याचा अंदाज कुणालाच नसतो, कारण त्या यादीत गॅसवाल्यापासून इस्टेट एजंटपर्यंत सगळे असतात. फोटो काढा भरपूर, टाका परत आल्यावर. घरातल्या मुलांना हे वेगळं सांगावं लागतं.

७. सोसायटी आणि पोलीस ठाणं

सेक्रेटरी आणि सुरक्षारक्षक यांना तारखा सांगा, पण सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. गेटवरच्या ॲपमध्ये कायमची परवानगी दिलेली माणसं असतील, तर तेवढ्या दिवसांपुरती ती काढून टाका.

जवळच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांकडे साधा अर्ज द्या: नाव, पत्ता, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत घर बंद, तुमचा मोबाईल, किल्ली असलेल्या माणसाचा मोबाईल. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. दारासमोर कुणी पहारा द्यायला येणार नाही, पण गस्तीवरच्यांना कुठली घरं बंद आहेत हे कळतं आणि काही घडलं तर कुणाला फोन करायचा हेही.

८. निघायचा दिवस

चोरीइतकंच नुकसान गळका नळ करतो. म्हणून ही कामं निघण्याच्या तासाभर आधी करा, गडबडीत नाही.

गॅस: रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरला प्लास्टिकची टोपी घाला. पाइपगॅस असेल तर नळीवरच्या वॉल्व्हची दांडी पाइपला आडवी आली की बंद.

पाणी: घरात येणाऱ्या लाइनचा कॉक बंद करा. तो नसेल तर निदान वॉशिंग मशीनचा नळ आणि कमोडच्या टाकीचा कॉक. मशीनची रबरी नळी सतत दाबाखाली राहून फुटते आणि खालच्या घराचं छत भिजतं. टाकीत पाणी नसताना उघडलेला नळ तसाच राहिला, तर पाणी आल्यावर काय होतं ते सांगायला नको. न्हाणीघरातल्या जाळीत शेवटी तांब्याभर पाणी ओता. जाळीखालचं पाणी आटलं की वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.

वीज: सरसकट मेन बंद केला की कॅमेरा, राउटर आणि दिवा सगळंच गेलं. त्यांची वीज ज्या एमसीबीवर (विजेच्या पेटीतल्या त्या लाइनच्या खटक्यावर) आहे तो चालू ठेवा, बाकीचे पाडा. कुठला एमसीबी कशाचा, ते एक-एक पाडून आधीच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. गीझर, एसी, मायक्रोवेव्ह, टीव्ही यांचे प्लगही काढा. फ्रिज बंद करणार असाल तर रिकामा करून, पुसून, दारात टॉवेलची घडी घालून फटीएवढा उघडा ठेवा.

देवापुढचा दिवा शांत झालाय ना, ते शेवटी बघायचं.

मग लॉकचे फेरे मोजून पूर्ण करा आणि लॉक लागलेल्या दाराचा फोटो काढा. हे वेडेपण वाटेल, पण पनवेल सोडल्यावर 'आपण लॉक लावलं का?' हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर मोबाईलमध्ये असलेलं बरं.

९. परत आल्यावर दार उघडं दिसलं तर

आत जाऊ नका. आत कुणी असू शकतं, आणि नसलं तरी ठसे पुसले जातात. खाली या आणि ११२ ला फोन करा. शेजाऱ्यांनाही आत डोकावू देऊ नका. सांत्वनाला आलेली दहा माणसं कपाटाला हात लावून 'इथून नेलं का?' म्हणतात आणि ठसेतज्ज्ञांना त्या दहा जणांचे ठसे मिळतात.

पोलीस आल्यावर पंचनामा होतो. त्या वेळी यादी तोंडी सांगू नका, आधी काढलेले फोटो, वजनं आणि एचयूआयडी द्या. पहिल्या दिवशी सुचलं नाही ते नंतर पुरवणी जबाबात देता येतं, पण पहिल्या यादीत नसलेली बांगडी आठ दिवसांनी आठवली तर विमा कंपनी प्रश्न विचारते.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. घरफोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ लागतं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती लगेच मागून घ्या. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत तुटलेला कोयंडा फेकू नका. बळजबरीने आत शिरल्याचा पुरावा तोच आहे. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. दावा मिटवताना कंपनी हा कागद मागते. तो आपोआप घरी येत नाही. महिना-दोन महिन्यांनी तपास अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावं लागतं.

पंचनामा झाल्यावर त्याच संध्याकाळी दाराच्या लॉकचं सिलिंडर बदलून घ्या. घरातले किल्ल्यांचे जादा जोड गेलेत का, हे त्या दिवशी नक्की सांगता येत नाही. गाडीची किल्लीही मोजा.